पावसाळा लागला आणि टीव्हीचा उजवा अर्धा पडदा बिघडला. पॅनल खरंच गेलंय का?

कन्नमवारकर | ८ जुलै, रात्री १०:१२

मंडळी, जरा मदत हवीये. घरी ४३ इंची एलईडी टीव्ही आहे, फुल एचडी. घेऊन चार वर्षं झाली, म्हणजे वॉरंटीचं नाव काढायला नको. गेल्या आठवड्यात दोन दिवस सलग झोडपलं ना, त्यानंतर सकाळी टीव्ही लावला तर उजवीकडे उभ्या बारीक रेघा, हिरव्या-गुलाबी. डावीकडे माणसं माणसांसारखी आणि उजवीकडे सरकली की फोटोच्या निगेटिव्हसारखी. बातम्या देणारी बाई मधोमध बसते. त्यामुळे अर्धी बाई, अर्धी हडळ. आवाज ठणठणीत आहे.

एक मेकॅनिक येऊन गेला. दारातूनच बघितलं, चप्पलही काढली नाही. "पॅनल गया, साहब." २१ हजार सांगितले. एवढ्यात थोडे घालून नवाच येईल! बघण्याचे ४५० घेऊन गेला ते वेगळेच. आईचं म्हणणं, आणखी कुणाला तरी दाखव. मोबाइलवर काढलेला फोटो टाकलाय, बघून सांगा.

चहाबाज | ८ जुलै, रात्री १०:२०

उजवीकडून एक ठेवून द्या. आमच्या घरी पंधरा वर्षं त्याच औषधावर टीव्ही चालला.

पक्कड | ८ जुलै, रात्री ११:०५

चहाबाज, तो डबा टीव्ही होता. पिक्चर ट्यूबच्या सेटमध्ये ड्राय सोल्डर असायचं, थापट बसली की सुटलेला टाका क्षणभर चिकटायचा आणि तुम्ही डॉक्टर ठरायचे. आता पुढे दीड-दोन मिलिमीटरची काच आहे. थापट मारलीत तर २१ हजारांचं बिल मीच बरोबर म्हणेन.

कन्नमवारकर, फोटोवरून निदान करणार नाही. मोबाइलचा कॅमेरा आणि टीव्हीचा पडदा यांचा मेळ बसला नाही की नसलेले पट्टे फोटोत दिसतात. तुमच्या फोटोतल्या आडव्या काळ्या लाटा बहुतेक त्यातल्याच. त्या डोळ्यांना दिसत नसतील तर सोडून द्या. आता एवढं सांगा:

टीव्हीच्या रिमोटवरचं (बॉक्सच्या नव्हे) मेनूचं बटण दाबा. मेनूची पाटी उजव्या भागात आली की तीही खराब दिसते का? मेनू टीव्ही स्वतः काढतो, तो सेट टॉप बॉक्समधून येत नाही. मेनू स्वच्छ असेल तर टीव्ही बहुतेक निर्दोष, भानगड बॉक्स, वायर किंवा सिग्नलची. मेनूवरही रेघा असतील तर भानगड टीव्हीच्या पोटात.

दुसरं, बिघाड दिवसभर सारखाच असतो की कमी-जास्त होतो?

तिसरं, टीव्ही कुठल्या भिंतीवर आहे?

(मी ३१ वर्षं हेच काम केलं. आता गुडघे साथ देत नाहीत, त्यामुळे घरी येऊन बघा असं कुणी म्हणू नका.)

भांडुप_पश्चिम | ९ जुलै, सकाळी ७:५०

धागा निघालाच आहे तर माझंही गाऱ्हाणं ऐका. आमच्याकडे डिश आहे. पाऊस धरला की चित्राचे चौकोन चौकोन होतात, माणसाचं नाक एका जागी आणि ओठ भलतीकडे. मग निळा पडदा. कस्टमर केअरवाले म्हणतात पाऊस थांबू द्या. जुलैत? मुंबईत?

कन्नमवारकर | ९ जुलै, सकाळी ८:३०

पक्कड काका, धन्यवाद. लगेच करून बघितलं.

मेनूवरही रेघा आहेत. उजवा अर्धा मेनू वाचताच येत नाही.

बिघाड सकाळी सगळ्यात जास्त. तासभर चालू ठेवला की हळूहळू कमी होतो, रात्री जेवायच्या वेळेला तर जवळजवळ नसतोच. म्हणूनच मेकॅनिकला सकाळी बोलावलं होतं.

भिंत बाहेरची, पश्चिमेची. म्हाडाची जुनी बिल्डिंग, दर पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते. मागच्या वर्षी रंग काढला, यंदा परत पोपडे.

पक्कड | ९ जुलै, सकाळी ९:१५

तासाभराने कमी होतो हे आधी सांगायचं! मेलेलं पॅनल तासाभराने जिवंत होत नाही. आत कुठेतरी ओल बसलीय नाहीतर संपर्क ढिला झालाय. सेट तापला की ओल सुकते, धातू जरा पसरतो, जोड जुळतो. रात्रभर बंद राहिला की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

आता एक मोजपट्टी घ्या. उजव्या कडेपासून खराब भाग नेमका किती सेंटिमीटरवर सुरू होतो ते मोजा. अंदाजे नको. आणि तो काठ सरळ सुरीने कापल्यासारखा आहे की विरत गेल्यासारखा, तेही बघा. का ते नंतर सांगतो.

नलू_मावशी | ९ जुलै, सकाळी ११:४०

अहो, ओलीचंच कशाला, आमच्याकडे बाईंनी घालवला टीव्ही. काच पुसायचं निळं पाणी असतं ना, ते थेट पडद्यावर फुस्स फुस्स मारायच्या. दिसायचा अगदी आरसा. एक दिवस खालून दोन इंचांचा उभा पट्टा काळा. आमच्या मेकॅनिकने खालची पट्टी काढून दाखवलं, पाणी ओघळून आत गेलेलं आणि तिथल्या बारीक पट्ट्यांवर डाग. बाईंना काय बोलणार, चकचकीत पुस हे मीच सांगितलं होतं.

आता कोरडं मऊ फडकं, तेही टीव्ही बंद करून. फारच डाग असेल तर फडक्याचा कोपरा ओला करून पिळून घेते.

पक्कड | ९ जुलै, दुपारी १२:०२

मावशींचा प्रतिसाद सोन्याचा आहे. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावा. पॅनलच्या कडेला काचेवर फिल्मच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्यांच्यावरच ड्रायव्हर आयसी, म्हणजे पडद्याच्या रेघा चालवणाऱ्या चिप असतात. आम्ही सीओएफ म्हणतो. बऱ्याच सेटमध्ये त्या खालच्या कडेला असतात, म्हणजे ओघळणारं पाणी बरोबर तिथेच जाऊन थांबतं. तो जोड सोल्डरचा नसतो, उष्णता आणि दाब देऊन चिकटवलेला असतो. गेला तर मशीनवरच परत बसतो, आणि चाळिशीच्या आतल्या सेटसाठी तो खर्च कुणी करत नाही.

एसी_मेकॅनिकची_बायको | ९ जुलै, दुपारी १:२०

चाळिशीच्या आतला सेट की चाळीस इंचांच्या? 😀

पक्कड | ९ जुलै, दुपारी १:२६

इंच हो. टायपताना डुलकी लागली. म्हणायचं होतं, छोट्या सेटसाठी.

गच्चीवरचा_कावळा | ९ जुलै, दुपारी २:१०

भांडुप_पश्चिम, डिशचं मी सांगतो, आमच्या सोसायटीत हा तमाशा दरवर्षी होतो.

डिशवर येणारा सिग्नल १०-१२ गिगाहर्ट्‌झच्या आसपासचा, म्हणजे तरंगलांबी जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर. एवढ्या बारीक लाटेला पावसाचे थेंब आडवे येतात, थोडी ताकद खातात. हे कुणाच्याच हातात नाही. पण पाऊस नसताना तुमच्याकडे सिग्नल भरपूर असेल तर थोडी गळती सोसते. रिमझिमीतही चित्र फुटत असेल तर समजा, तुम्ही आधीच काठावर उभे आहात.

बॉक्सच्या मेनूत सिग्नलचे दोन आकडे असतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. कोरड्या दिवशी बघून कागदावर लिहून ठेवा. स्ट्रेंथ झकास आणि क्वालिटी पडलेली असेल तर डिश हललीय किंवा वायरीत पाणी गेलंय.

आणि मुख्य म्हणजे गच्चीवर जाऊन बघा. आपल्याकडच्या डिश साधारण आग्नेयेकडे तोंड करून असतात. मे महिन्यात सोसायटी तिथेच पत्र्याची शेड नाहीतर निळी ताडपत्री बांधते. आमच्या इथे ताडपत्रीचं एक टोक डिशसमोर फडफडत होतं. कोरडी असताना काही नाही, भिजली की तिच्यावर पाण्याचा पडदा आणि आमच्या टीव्हीवर निळा. नऊ घरांनी नऊ तक्रारी केल्या होत्या. वॉचमनने सुतळीने बांधली, सगळ्यांचं सुरू.

ते ठीक असेल तर डिशजवळचा स्क्रूवाला कनेक्टर उघडा. आतली तांब्याची तार हिरवी पडली असेल तर तेवढं टोक कापून नवा कनेक्टर. घरात वायर शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, वायरीवरून चालत घरात येणार नाही.

भांडुप_पश्चिम | ९ जुलै, सायंकाळी ६:३५

कोरड्यात स्ट्रेंथ ८६, क्वालिटी ४१. रविवारी गच्चीची चावी मिळवतो. सेक्रेटरीकडून चावी मिळवणं हे डिश लावण्यापेक्षा कठीण आहे.

अँटेनावाले_आजोबा | ९ जुलै, रात्री ८:५०

तुमचे चौकोन आणि निळे पडदे वाचून हसू आलं. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा आमच्या गिरगावातल्या चाळीत एकच टीव्ही होता. बिघाड कसला हे चित्रावरूनच कळायचं. मुंग्या आल्या तर सिग्नल कमी, वर जाऊन अँटेना हलवा. एकजण गच्चीवर, एक जिन्यात, एक घरात. "आलं का?" "आलं... गेलं!" ही साखळी.

आणि भूत. माणसाच्या उजवीकडे त्याचीच फिकट सावली. कायम उजवीकडेच, डावीकडे कधी नाही. का ते पुढे रेडिओ दुरुस्तीच्या क्लासात कळलं. सिग्नल वरळीच्या दूरदर्शन टॉवरवरून एकदा थेट यायचा आणि एकदा कुठल्यातरी उंच इमारतीवर आपटून जरा उशिरा. रेघ डावीकडून उजवीकडे ओढली जाते, म्हणून उशिरा आलेलं चित्र उजवीकडे उमटायचं. चित्राची एक रेघ ओढायला साधारण ५२ मायक्रोसेकंद. पडदा ४० सेंटिमीटर रुंद धरा. भूत दोन सेंटिमीटर सरकलेलं असेल तर उशीर अडीच मायक्रोसेकंदांच्या आसपास, म्हणजे तो सिग्नल पाऊण किलोमीटरच्या वर जादा फिरून आलाय. मी फूटपट्टी पडद्याला लावून आपटणारी इमारत कोणती असेल याचा हिशोब करायचो. वडील म्हणायचे, अभ्यासाला हीच पट्टी लाव.

चहाबाज | ९ जुलै, रात्री ९:०४

आजोबा, दंडवत. धागा भरकटतोय पण भरकटू द्या. आमच्या केबलवाल्याच्या काळातही मुंग्या होत्या. ऑक्टोबर २०१२ला मुंबईत सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि मुंग्या संपल्या. आता चित्र एकतर लख्ख, नाहीतर गायब.

अँटेनावाले_आजोबा | ९ जुलै, रात्री ९:३१

तेच तर. पूर्वी सिग्नल म्हातारा होत होत जायचा, निदान निरोप घ्यायला वेळ मिळायचा.

कन्नमवारकर | १० जुलै, सकाळी ८:०५

काका, मोजलं. आईने शिलाईची टेप दिली. पडद्याची पूर्ण रुंदी ९५ सेंटिमीटर. खराब भाग उजव्या कडेपासून ४७.५वर सुरू होतो. दोनदा मोजलं, वर आणि खाली. काठ सुरीने कापल्यासारखा सरळ, अर्धा मिलिमीटरही इकडेतिकडे नाही. मधोमध! याचा अर्थ काय?

पक्कड | १० जुलै, सकाळी ९:४०

अर्थ असा की तुमची आई शहाणी आहे.

काच कधी टेप लावून बरोबर अर्ध्यावर खराब होत नाही. ती आपटली तर कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकते, शाई सांडल्यासारखा डाग पडतो. एखादी रेघ गेली तर एकच उभी रेघ, वरपासून खालपर्यंत. तुमच्या पडद्यावर १९२० उभ्या ओळी आहेत, प्रत्येकीत लाल, हिरवा, निळा असे तीन, म्हणजे ५७६० उभे धागे. त्यातले नेमके उजवे निम्मे एकाच रात्री, एका सरळ रेषेत आजारी पडले? तर दोष धाग्यांचा नाही, त्यांना माल पुरवणाऱ्या रस्त्याचा.

मेन बोर्डाकडून चित्र टी-कॉन नावाच्या छोट्या बोर्डाकडे जातं. टी-कॉन चित्राची वाटणी करतो, कुठल्या ओळीला कधी काय द्यायचं ते ठरवतो. तुमच्या मापाच्या बऱ्याच सेटमध्ये तिथून दोन चपट्या रिबन निघतात, एक पॅनलच्या डाव्या निम्म्याला आणि एक उजव्या. उजव्या रिबनच्या टोकाशी ओल, गंज किंवा ढिलेपणा असेल तर उजव्या बाजूला अर्धवट माल पोचतो. रंगाचे काही आकडे गळतात, म्हणून निगेटिव्ह. मेन बोर्डाकडून टी-कॉनला येणारी रिबन बिघडली असती तर सहसा पूर्ण पडदा वेडावाकडा झाला असता.

तर माझा अंदाज: पहिला संशय उजवी रिबन आणि तिचा सॉकेट. दुसरा टी-कॉन. पॅनल तिसऱ्या नंबरवर. पैज लावत नाही, कारण सेट माझ्यासमोर नाही.

जवळपासच्या अशा दुकानात न्या जिथे माणूस टेबलावर सेट उघडतो. हे वाक्य महत्त्वाचं आहे. घरी येणाऱ्याला तुमच्या हॉलमध्ये पॅनल बदलणं सोपं, शोधत बसणं अवघड. त्याला सांगा, रिबन साफ करून बघ, मग टी-कॉन तपास. टी-कॉन बदलायची वेळ आलीच तर टीव्हीचा मॉडेल नंबर पुरत नाही, मागे पॅनलवर वेगळा स्टिकर असतो, त्यावरचा पॅनल नंबर जुळावा लागतो. तो नंबर घेऊन लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलात तर जुना काढलेला बोर्डही मिळून जातो. आणि काढलेला पार्ट परत मागा, मग तो भंगारात टाका हवं तर.

स्क्रूड्रायव्हर | १० जुलै, सकाळी १०:१५

दुकानात कशाला? पाठीमागचे वीस स्क्रू, एवढंच तर आहे. व्हिडिओ बघून मी स्वतः उघडला होता. रिबन काढा, खोडरबर फिरवा, परत लावा. दहा मिनिटं.

पक्कड | १० जुलै, सकाळी १०:५०

खोडरबर बरोबर आहे, मीही वापरायचो. पण "एवढंच" नाही. पॉवर सप्लायमध्ये एक जाडा कपॅसिटर असतो, त्यावर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी बसलेलं असतं. प्लग काढला तरी ते लगेच उतरत नाही. माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर अजून त्याची खूण आहे, आणि मी तेव्हा शिकाऊ नव्हतो. रिबनच्या सॉकेटची खिट्टी नखाएवढी असते, ती मोडली की नवा बोर्ड. ज्याला मल्टिमीटरने काय मोजायचं ते माहीत आहे त्याने जरूर उघडावं. बाकीच्यांनी मेनू, टॉर्च आणि टेप यावर भागवावं.

एक_शंका | १० जुलै, दुपारी ३:२२

टॉर्च काय? आमचा ३२ इंची टीव्ही लावला की क्षणभर चित्र येतं आणि काळोख. आवाज चालू. कार्यक्रम आता आम्ही ऐकतो.

पक्कड | १० जुलै, दुपारी ३:४८

तुमच्यासाठीच टॉर्च. रात्री खोलीतले दिवे घालवा, टीव्ही चालू करा, मोबाइलचा टॉर्च पडद्याजवळ तिरका धरा. अंधुक माणसं हलताना दिसली तर चित्र आहे, मागचा उजेड गेलाय. आत एलईडीच्या पट्ट्या असतात, सगळे दिवे एकामागे एक जोडलेले, दिवाळीच्या जुन्या माळेसारखे. एक उडाला की माळ बंद. माळेला वीज देणाऱ्या ड्रायव्हरला गडबड कळते आणि तो उजेड तोडतो, म्हणून तो क्षणभराचा झगमगाट. एकच एलईडी बदलून घेऊ नका, त्याचे भाऊ तेवढेच म्हातारे आहेत. पूर्ण सेट बदला. नंतर पिक्चर सेटिंगमध्ये बॅकलाइट १०० वरून ६०ला आणा. दुकानात उठून दिसावा म्हणून भडक ठेवलेला असतो, दिवाणखान्यात त्याची गरज नाही.

नलू_मावशी | १० जुलै, दुपारी ४:३०

आमच्या नव्या टीव्हीचं संध्याकाळी आपोआप मंद व्हायचं. मी बॅकलाइट गेला म्हणून रडत बसले. नात म्हणाली, आजी, वीज बचत चालू आहे. बंद केलं, झालं. कॉलेजात जाते ती आता.

एक_शंका | १० जुलै, रात्री १०:४०

दिसली! माणसं दिसली! टॉर्चच्या उजेडात अख्खा एपिसोड बघावा असं वाटलं. पट्ट्या बदलायला टाकतो.

भांडुप_पश्चिम | १३ जुलै, दुपारी १:१५

ताडपत्री नव्हती. आंबा होता. शेजारच्या सोसायटीचा. डिश लावली तेव्हा फांदी खाली होती, चार वर्षांत वर आली. भिजली पानं की संपलं. झाड त्यांचं, त्यामुळे डिशच दहा फूट सरकवून घेतली. क्वालिटी ७८. कालच्या पावसात एकदाही फुटलं नाही. कावळेसाहेब, आभार. कनेक्टरही हिरवा होताच, तोही कापला.

वाचनखूण साठवली.

कन्नमवारकर | १६ जुलै, रात्री ९:२०

मंडळी, निकाल लागला.

स्टेशनजवळच्या एका छोट्या दुकानात नेला. रिक्षात आडवा नेऊ नका, उभाच न्या, असं दुकानदाराने फोनवर बजावलं होतं, म्हणून मी मागच्या सीटवर टीव्हीला मिठी मारून बसलो. त्याने माझ्यासमोर उघडला. उजव्या रिबनच्या टोकाला सोनेरी दातांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड, डाव्या रिबनचे दात स्वच्छ. सेट भिंतीला चिकटून होता आणि ओलीचा डाग बरोबर उजव्या निम्म्याच्या मागे! त्याने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलं, ब्रशने सॉकेट झाडला, खोडरबर फिरवलं, रिबन बसवली. चालू केला. पूर्ण चित्र.

पूर्ण म्हणजे जवळजवळ. उजव्या कडेपासून हाताच्या चार बोटांवर एक हिरवी रेघ राहिलीय, केसाएवढी. तो म्हणाला ती काचेच्या जोडातली आहे, तिला हात लावायला गेलो तर दहा होतील. मी म्हटलं राहू दे. ६०० रुपये घेतले. मॅच लागली की ती रेघ बरोबर स्कोअरच्या आकड्यावरून जाते. आई म्हणते, तेवढं चालायचंच.

पक्कड काकांना घरी बोलावून जेवू घालायचं ठरलंय. गुडघ्यांचं माहीत आहे, आम्ही तळमजल्यावर राहतो.

पक्कड | १६ जुलै, रात्री ९:५५

आता तो परत त्याच भिंतीवर लावलात तर पुढच्या जुलैत हाच धागा वर येईल.

कन्नमवारकर | १६ जुलै, रात्री १०:१०

नाही, आतल्या भिंतीवर लावला, मागे दोन इंच जागा सोडून. पण आता सेट टॉप बॉक्सची वायर चार फूट कमी पडतेय. जोड मारला तर चालेल की पूर्ण नवी ओढू? वेगळा धागा काढू का?

गच्चीवरचा_कावळा | १६ जुलै, रात्री १०:१४

इथेच विचारा. जोड घरातच येणार ना, की खिडकीबाहेर?